खरखर

गेल्या हिवाळ्यात एक रात्र मलाजखंडला काढली. हॉटेलात नव्हे, गाडीत. माझ्या भाच्याने एक बंद मालवाहू व्हॅन घेऊन तिचं घर करून घेतलंय. आत दोन माणसं झोपतील एवढा पलंग, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, छतावर सौर पॅनेल आणि पलंगाखाली भली मोठी बॅटरी. हल्ली याला मोटरहोम म्हणतात. आमच्या आत्याच्या भाषेत 'बिऱ्हाड पाठीवर'. कान्हाच्या मुक्की दरवाजाकडून परत येताना वाट थोडी वाकडी केली, कारण तांब्याची खाण लांबून का होईना, पण बघायची असं मी ठरवलं होतं.

रात्री जेवणं झाली. मी गाडीतला रेडिओ लावला. मिडियम वेव्हवर रात्री दूरदूरची स्टेशनं लागतात, ही माझी जुनी सवय आहे. (भाचा हसतो. त्याच्या फोनवर जगातली सगळी स्टेशनं आहेत म्हणे.) पण रेडिओत स्टेशन कुठलं, नुसती खरखर! तिच्या मागे एक बारीक, नाकातल्या नाकात गायल्यासारखी घूं... फ्रिज चालू झाला की घूं वाढायची, बंद झाला की कमी व्हायची. दिवसभर प्रवासात इंजिन चालू असताना तर शिट्टीच वाजत होती, आणि भाचा गाडीचा वेग वाढवेल तशी तिची पट्टी चढत होती. काळी दोनपासून काळी पाचपर्यंत!

पहाटे तीनच्या सुमाराला फ्रिज टुक् करून बंद पडला. दिवे मंद झाले. भाचा अंधारात उठून म्हणाला, "मामा, बॅटरी गेली परत." हे 'परत' महत्त्वाचं. वर्षभरात त्याने दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. ज्या गॅरेजात ही सगळी जोडणी करून घेतली, तिथले लोक दर वेळी बॅटरीलाच शिव्या घालत आणि नवी गळ्यात मारत.

सकाळी विचारत विचारत एका वायरमनकडे गेलो. मूळचे गोंदियाकडचे, साठीच्या घरातले. आयुष्य ट्रक, डंपर आणि जनरेटरच्या वायरिंगमध्ये गेलेलं. बालाघाट जिल्ह्यात हिंदी चालते, पवारी चालते, आणि मराठी बोललात तर कुणी चमकत नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच तर होता. आम्ही गोव्याचे म्हटल्यावर ते आपल्या बोलीवर आले. भाच्याने बॅटरीचं गाऱ्हाणं सुरू केलं, तसे म्हणाले, "बॅटरीले काहून दोष देता जी? तिचं ऐकून तर घ्या आधी."

आणि खरंच ऐकायला बसले! त्यांनी आधी कुठलाही पाना काढला नाही. खिशातला छोटा ट्रान्झिस्टर काढला, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर काटा ठेवला आणि तो ट्रान्झिस्टर वैद्याने नळी लावावी तसा गाडीभर फिरवत राहिले. पंपापाशी काही नाही. फ्रिजच्या मागे घूं. सौर पॅनेलच्या नियंत्रकापाशी चर्र. छताच्या एलईडी दिव्यांखाली तर पाऊस पडल्यासारखी खरखर. मग एकेक फ्यूज काढून बघितला. कोणता फ्यूज काढल्यावर कोणता आवाज जातो, ते त्यांनी बोटांवर मोजलं. कागद नाही, पेन्सिल नाही.

नंतर मीटर आला. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.२ व्होल्ट. फ्रिजच्या प्लगवर मात्र ११.३. मग त्यांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी गाडीच्या पत्र्यावर ठेवली. आता ही दोन्ही एकच असायला हवीत, कारण गाडीत पत्रा हीच परतीची वायर असते. तिथे शून्य दिसायला हवं होतं. मीटरवर ०.८ आलं.

बोल्ट खोलला. अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला आवळली होती, तिथे खाली रंग! गॅरेजवाल्याने रंग न खरवडताच बोल्ट आवळला होता. वर आमची गोव्याची खारी हवा. बोल्टाभोवती हिरवट-पांढरी बुरशी धरली होती. परतीचा रस्ताच चोंदलेला.

हे सगळं मी एवढ्या चवीने सांगतोय, कारण त्या एका बोल्टात दोन्ही रोगांचं मूळ होतं. फ्रिजची मोटर, पंप, नियंत्रक, रेडिओ, सगळ्यांची वीज परत जाते त्याच बोल्टातून. मोटर जशी वीज ओढेल तसा तिथला दाब वरखाली होतो, आणि रेडिओ ज्याला आपली 'जमीन' समजतो तीच थरथरते. ती थरथर म्हणजे घूं. आणि उलट बाजूने, इंजिन बॅटरी भरायला १४.२ व्होल्ट देतंय, पण बोल्टावरच पाऊण-एक व्होल्ट सांडतो. बॅटरीपर्यंत पोचतात तेरा-साडेतेरा. ती कधी पूर्ण भरतच नाही. शिसे-आम्लाची बॅटरी अर्धपोटी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि ते एकदा धरले की सहजी सुटत नाहीत. सहा महिन्यांत बॅटरी संपली. म्हणजे बिचाऱ्या दोन बॅटऱ्या उपाशी मेल्या, आणि मरेपर्यंत त्या रेडिओतून ओरडून सांगत होत्या!

वायरमन रंग खरवडत असताना मी बाहेर येऊन बसलो. समोर खाणीतून निघालेल्या दगडमातीचे ढिगारे, डोंगरच म्हणायचे. मलाजखंडचं तांबं क्वार्ट्झच्या मोठ्या शिरेत आणि तिच्या आसपासच्या ग्रॅनाइटमध्ये आहे. हिंदुस्तान कॉपरची ही उघडी खाण १९८२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. एक टन खनिज फोडलं की जेमतेम दहा किलो तांबं. गोव्याच्या माणसाला खाणीचं कौतुक सांगायला नको, आम्ही लाल मातीत जन्मलो. पण लोहखनिजात निम्म्याहून जास्त लोखंड असतं. इथे नव्याण्णव भाग दगड उपसायचा तो एका भागासाठी, आणि त्यातलीच वीतभर विणलेली पट्टी आता आमच्या गाडीच्या बोल्टाखाली बसत होती.

आणखी एक गंमत. याच जिल्ह्यात, बालाघाट शहराला लागून, भरवेलीला मँगनीजची खाण आहे. या मध्य प्रांतात मँगनीज शोधायला १८९६ मध्ये इंग्रजांची एक कंपनी आली. तिचीच वंशज म्हणजे आजची 'मॉयल'. मँगनीजचा बहुतेक माल पोलादाकडे जातो. पण मँगनीज डायऑक्साइड ही जी काळी भुकटी, तिच्याशिवाय टॉर्चचा साधा सेल होत नाही. बालाघाटच्या शेजारी, आपल्या भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्गची खाण तर त्यासाठीच नावाजलेली आहे. म्हणजे वायरीचं तांबं आणि सेलची भुकटी, दोन्ही या एका पट्ट्यात. आमच्याही सांगे-केपें भागातून पोर्तुगीज काळात मँगनीज बोटी भरभरून परदेशी जायचं.

सेल म्हटलं की मला आत्या आठवते. त्याकडे येतोच. आधी थोडं खरखरीबद्दल.

रेडिओचा जन्मच मुळी खरखरीतून झालाय. हर्ट्झने १८८० च्या दशकात ज्या लहरी पकडल्या, त्या ठिणगीतून निघालेल्या. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात त्या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, तेव्हाही मूळ ठिणगीच. मार्कोनीचं पहिलं यंत्र म्हणजे शिस्त लावलेली ठिणगी. मग पेट्रोलची मोटार आली. तिच्या प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला शेकडो ठिणग्या! म्हणजे रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटार हे एक बेशिस्त रेडिओ स्टेशनच झालं. १९३० मध्ये अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीत रेडिओ बसवला, ज्याचं नाव पुढे मोटोरोला. त्यांना खरा त्रास रेडिओ बसवण्याचा झाला नाही, मोटारीला गप्प बसवण्याचा झाला. स्पार्क प्लगला रोधक लावा, डायनामोला कंडेन्सर लावा, बॉनेट पत्र्याला नीट जोडा... आज आमच्या व्हॅनला हेच करायचं होतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, हे खरं. पण तिची जागा आता नियंत्रक, इन्व्हर्टर आणि स्वस्त एलईडी दिव्यांनी घेतलीय. ही सगळी यंत्रं वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून काम करतात. भूत तेच, झाड बदललं.

बॅटरीचं दुखणंही तेवढंच जुनं. व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन प्रकारची वीज लागे. व्हॉल्व्ह तापवायला दीड-दोन व्होल्ट, आणि आवाज चालवायला नव्वद व्होल्ट. जिथे वीज नाही तिथे नव्वद व्होल्टची म्हणून एक जाडजूड ठोकळा बॅटरी मिळायची. आत साठ सेल, एकाला एक जोडलेले. ती भरता येत नसे. संपली की फेकायची.

मुक्तीपूर्वी गोव्यात वीज शहरांपुरती. आमच्या गावात कंदील. पण आमच्या घरी असा एक बॅटरीचा रेडिओ होता. आजोबा मुंबईहून आलेल्या कुणाकडून तो घेऊन आले होते. त्याचं लाकडी खोकं परवापरवापर्यंत माळ्यावर होतं. आत्या सांगते ती हकिकत अशी. आजोबा रेडिओ ऐकून झाला की मागची बॅटरीची वायर काढून कडीकुलपात ठेवायचे. कारण नवा ठोकळा मिळणं मुश्किल. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, सीमेवरून माल येईना. आत्या तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. तिला बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला हवी असे. तिचा तो अमीन सयानी! आजोबा म्हणत, बॅटरी गाण्यांसाठी नाही. मग कशासाठी? तर दुसऱ्या एका स्टेशनासाठी. ते दार लावून, आवाज बारीक करून ऐकलं जायचं, आणि त्या वेळी पोरांना अंगणात पाठवत, कुणी येतंय का बघायला. आत्याला त्याचा राग अजून आहे. "तुझ्या आजोबांचं स्वातंत्र्य आणि माझी गीतमाला, दोन्ही त्या एका खोक्यात," असं ती म्हणते.

ते स्टेशन म्हणजे 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. पोर्तुगीजमध्ये 'वोज द लिबेर्दाद'. आणि ते स्टेशन होतं एका ट्रकात.

रेडिओचं महत्त्व गोव्याला याआधीच कळलं होतं म्हणा. दुसऱ्या महायुद्धात मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावरून चोरट्या संदेशांनी पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांना संशय आला. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेली निवृत्त हौशी घोडेस्वारांची एक टोळी बंदरात घुसली आणि जहाज जळून बुडालं. तटस्थ बंदरात! पुढे त्यावर इंग्रजी सिनेमाही निघाला. नंतर पोर्तुगीजांनी स्वतःचं 'एमिसोरा द गोवा' सुरू केलं. पणजीच्या आल्तिन्यावरून ते चाले आणि सरकारला हवं तेच सांगे.

१५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रह थांबवला, सीमा बंद झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आधीपासूनच. म्हणजे आत काय चाललंय ते बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. भिंत ओलांडू शकेल अशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे लहर.

वर्षभर आधी, १९५४ च्या जुलै-ऑगस्टात, दादरा-नगर हवेली मुक्त झाली होती. (त्या लढ्यात आपले सुधीर फडके स्वतः उतरले होते. भावगीत गाणारा माणूस बंदुकीच्या मोहिमेत, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.) तिथे पोर्तुगीजांचे दोन वायरलेस सेट हाती लागले. त्यांतून एक प्रक्षेपक तयार झाला आणि तो ट्रकावर चढला. २५ नोव्हेंबर १९५५ ला पहिलं प्रसारण झालं. तारीख मुद्दाम निवडलेली. १५१० मध्ये याच दिवशी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला होता. म्हणजे ४४५ वर्षांनी, त्याच दिवशी, त्यांच्याच यंत्रातून त्यांना उत्तर!

स्टेशन चालवलं वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही सोबत होते. लिबिया लोबो कायदा शिकलेल्या, मुंबईत आकाशवाणीत काम केलेल्या. आधी आंबोलीच्या रानात, नंतर कॅसलरॉकच्या रानात, अशी त्यांनी सहा वर्षं काढली. वस्तीपासून लांब, ओळख लपवून. लिहायचं त्यांनी, वाचायचं त्यांनी. पोर्तुगीजमधून सरकारला आणि त्याच्या सैनिकांना, कोकणीतून गोंयकारांना. मी मराठीत लिहिणारा माणूस. आमच्याकडे भाषेवरून काय काय झालं ते वाचकांना माहीत आहेच. पण त्या वेळी घराघरांत दार लावून जे ऐकलं गेलं ते कोकणी होतं, आणि माझे आजोबा, जे आयुष्यभर मराठी पोथ्या वाचत आले, त्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

या स्टेशनबद्दल आपण जे वाचतो, त्यात देशप्रेम असतं, जंगल असतं, साप असतात. असायलाच हवेत. पण मलाजखंडच्या त्या वायरमनच्या ओट्यावर बसल्यावर मला पहिल्यांदा त्या ट्रकाचं वायरिंग दिसायला लागलं.

१९४२ मध्ये उषाबेन मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर. ऑगस्टअखेर पहिलं प्रसारण, १२ नोव्हेंबरला अटक. पोलीस मागावर, म्हणून घरं बदलत राहायचं. पण घर कुठलंही असो, भिंतीत प्लग होता. मुंबईची वीज होती. आंबोलीच्या रानात प्लग कुठला? रानातल्या प्रक्षेपकाला वीज मिळते ती दोनच गोष्टींतून. एक तर बॅटरी, नाहीतर इंजिनावर फिरणारा जनरेटर. प्रक्षेपकाच्या व्हॉल्व्हना शेकडो व्होल्ट लागतात आणि बॅटरी देते सहा किंवा बारा. महायुद्धातल्या सेटना त्यासाठी डायनामोटर असे. एका टोकाला बारा व्होल्टवर फिरणारी मोटर, दुसऱ्या टोकाला उच्च दाब देणारा डायनामो. तो फिरताना गुरगुरतो, त्याचे ब्रश ठिणग्या टाकतात, आणि बॅटरी ढोसतो ती अशी की काही तासांत ती गळते.

आता हे लक्षात घ्या. ऐकणाऱ्याच्या रेडिओत खरखर असेल तर ती त्याच्या एकट्याची. पण प्रक्षेपकाच्या विजेत गुरगुर शिरली, तर ती आवाजावर स्वार होऊन ऐकणाऱ्या प्रत्येक घरात जाते. अर्थिंग ढिलं, घूं सगळ्या गोव्यात! बॅटरी उतरली की शक्ती कमी होते, आवाज दूर गेल्यासारखा होतो, काटा ज्या जागी असतो तिथून स्टेशन हळूच सरकतं. आणि समोर ऐकणारा कोण? माझे आजोबा. नव्वद व्होल्टचा शेवटचा ठोकळा, दार बंद, पोरं अंगणात. त्यांनी पाच मिनिटं काटा फिरवला आणि नुसती खरखरच मिळाली, तर पाच मिनिटांची बॅटरी गेली. असं दोन-चार दिवस झालं असतं, तर बॅटरी आत्याच्या गीतमालेलाच मिळाली असती. सिलोनचा आवाज खणखणीत होता. वामन सरदेसाई आणि लिबियाबाईंची स्पर्धा निव्वळ एमिसोराशी नव्हती.

बरं, जागा कुठली? आंबोली! वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जूनमध्ये ढग घरात येऊन बसतात, कपडे चार महिने वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेला बुरशी येते. अशा हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज चढायला किती दिवस लागतात? आमच्या व्हॅनच्या बोल्टाची वर्षभरात काय दशा झाली ते मी डोळ्यांनी बघितलं. कॅसलरॉकचा पाऊसही काही कमी नाही. दूधसागरच्या डोक्यावरचंच ते स्टेशन, जिथे पोर्तुगीज हद्दीतून चढून येणारी रेल्वे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रेल्वेला मिळायची. शिवाय शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या म्हणजे आत पाणी घालत राहायचं, टोकं घासत राहायची. भरताना त्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा बंद ट्रकात ठिणगीची भीती. जड तर इतक्या की एक उचलायला दोन माणसं. आणि सहा पावसाळे! एक नव्हे, सहा.

म्हणून मला वाटतं की या दोघांचं धाडस रोजचं, कंटाळवाणं, हात काळे करणारं होतं. नेहरूंची भाषणं, संसदेतली चर्चा, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत पेटलेले लढे, हे सगळं वाचून दाखवायला विद्वत्ता हवी, ती त्यांच्याकडे होती. पण ते दुसऱ्या दिवशीही वाचायचं, तर बोल्ट खरवडणारं कुणीतरी तिथे रोज हवं.

१५ डिसेंबर १९६१ ला याच स्टेशनवरून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा निरोप गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्वा यांना दिला गेला, शरण या म्हणून. १८ तारखेला हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज वायरलेस केंद्र उडवलं. १९ ला सगळं संपलं. मग वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना विमानात बसवलं गेलं. त्यांनी आकाशातून, लाउडस्पीकरवरून, पोर्तुगीज आणि कोकणीत गोवा मुक्त झाल्याचं सांगितलं, खाली पत्रकं टाकली. सहा वर्षं रानात लपून बोललेला आवाज लोकांना डोक्यावर ऐकू आला. आत्या म्हणते, विमानाचाच आवाज इतका होता की शब्द धड कळेनात, पण सगळी जण रस्त्यावर येऊन वर बघत होती. इथेही इंजिनाची घरघर आडवी आलीच!

त्या दोघांनी पुढे १९ डिसेंबर १९६४ ला लग्न केलं. तारीख इथेही योगायोगाची नव्हे. लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. उशिरा का होईना, असं म्हणतात. मला मात्र 'का होईना' म्हणवत नाही. शंभर वर्षं म्हणजे फार झालं.

असो. वायरमनने रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, विणलेली तांब्याची जाड पट्टी आवळली, वर ग्रीस लावलं. मीटर परत ठेवला. ०.०३. सौर नियंत्रकाच्या दोन वायरी लांब लांब पसरल्या होत्या, त्या त्यांनी एकमेकींना पीळ देऊन गुंडाळल्या. "एक जाते, एक येते, दोघींची खुसरफुसर आपसात," असं म्हणाले. रेडिओची वायर फ्रिजच्या वायरीच्या गठ्ठ्यातून सोडवून सरळ बॅटरीकडे नेली. पैसे विचारले तर इतके कमी सांगितले की भाचा ओशाळला. जाताना त्याला दम मात्र दिला, "भाऊ, आता बॅटरी पूर्ण भरू द्या. आठवडाभर तरी अर्धी सोडू नका. वाचली तर वाचली."

त्या रात्री आम्ही बालाघाटच्या वाटेवर मुक्काम केला. रेडिओ लावला. घूं गेली होती. फ्रिज चालू झाला तरी काटा हलला नाही. कुठलं तरी लांबचं स्टेशन येत-जात लागलं, त्यावर एक बाई हिंदीत शेतीची माहिती सांगत होती. थोडी खरखर अजून होती. ती छताच्या एलईडी दिव्यांची. त्याला वायरमनने एकच उपाय सांगितला होता, दिवे बदला. भाच्याने ते अजून बदललेले नाहीत. रेडिओ ऐकायचा असला की आम्ही दिवे घालवून बसतो.

घरी आल्यावर आत्याला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या त्या गाडीत सिलोन लागतं का?"